बोका, खोका, झोका

भिंगरीला वाचता येत नाही, ही भीती आधी तिच्या आईच्या पोटात शिरली.

वर्गातली बाकीची मुलं अडखळत का होईना ओळी वाचू लागली होती. भिंगरी मात्र पुस्तक उघडलं की खिडकीबाहेर बघायची. शाळेच्या बाईंनी एकदा आईला फाटकाशी थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "घरी जरा लक्ष द्या. अक्षरं ओळखते, पण जोडत नाही." बाई एवढंच बोलल्या आणि दुसऱ्या कुणाच्या तरी आईकडे वळल्या. पण भिंगरीची आई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला होती, आणि चादरींच्या घड्या घालताना हात चालू असतात, डोकं रिकामं असतं. संध्याकाळी घरी येईपर्यंत त्या एका वाक्याचा डोंगर झाला होता.

"हिच्या डोक्यात काही कमी तर नसेल ना?" तिने नवऱ्याला विचारलं.

"कमी कसलं? जास्तच आहे. एका जागी बसेल तर वाचेल ना," तो म्हणाला.

पोरीचं शाळेतलं नाव वेगळं होतं, पण चालायला लागल्यापासून ती कधी एका जागी उभी राहिली नव्हती, म्हणून घरीदारी सगळे तिला भिंगरीच म्हणत. तसंच तिच्या वडिलांना सगळी गल्ली पेंटर म्हणायची. दुकानांच्या पाट्या, शटरवरची नावं, गाड्यांचे नंबर, भिंतीवरच्या सूचना, सगळं तो हाताने लिहायचा. मोठ्या दुकानांची कामं छापील बॅनरवाल्यांनी पळवली होती, तरी पत्रा, भिंत आणि शटर यांच्यासाठी अजून पेंटरलाच बोलावणं यायचं. त्याच्या अक्षराला एक खोड होती. काना खाली आणून संपवताना तो ब्रशला एक हलका झटका द्यायचा, त्यामुळे प्रत्येक कान्याला बारीकशी शेपटी यायची. दुकानदार म्हणायचे, पेंटरची पाटी रस्त्याच्या पलीकडूनही कळते.

बाजाराच्या रस्त्यावर एक सार्वजनिक लायब्ररी होती. तिच्या मागच्या खोलीत लहान मुलांसाठी सतरंजी आणि बुटकी कपाटं होती. तिथली ताई शनिवारी दुपारी मुलांना गोल बसवून चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायची. पेंटरने तिच्याकडे आपली अडचण मांडली तेव्हा ती हसली.

"यमकाची पुस्तकं न्या घरी. मांडीवर घेऊन वाचा, बोट फिरवत वाचा. शब्द कानात बसले की डोळे मागोमाग येतात."

त्यांनी तसं केलं. रोज जेवणाआधी पेंटर हाताचा रंग टर्पेंटाइनने पुसायचा, साबणाने धुवायचा, आणि भिंगरी त्याच्या मांडीवर येऊन बसायची. खिडकीबाहेर बघणारी पोर पुस्तकात पाहू लागली. एका पुस्तकाने तर तिला वेडच लावलं. त्यात एक गलेलठ्ठ बोका होता.

खोक्यावर बसला बोका,
म्हणाला, मला द्या झोका.
झोका गेला आभाळात,
उंदीर म्हणाला, हो का?

या शेवटच्या ओळीला ती खिदळून आडवी व्हायची, कारण 'हो का' हा तिच्या बाबांचा शब्द होता. पेंटर कामात असला, डोळे ब्रशच्या टोकाला लागलेले असले, की कुणी काहीही सांगो, तो 'हो का?' म्हणायचा. बायको म्हणायची, घराला आग लागली सांगितलं तरी हे हो का म्हणतील. आता पुस्तकातला उंदीरही तेच म्हणत होता. भिंगरीने बाबांचं नावच उंदीर ठेवून टाकलं.

त्या पुस्तकाचं झोक्याचं पान कुणीतरी फाडलं होतं. पेंटरने जाड कागद आणला आणि स्वतः ते पान केलं. लाल दोऱ्यांचा झोका, त्यावर शेपटी लोंबवत बसलेला बोका, आणि खाली लालभडक रंगात मोठ्या अक्षरात 'झोका'. काना शेपटीसकट. लायब्ररीतल्या ताईने ते पान पुस्तकात डकवलं आणि सगळ्या मुलांना दाखवलं. "हे भिंगरीच्या बाबांनी लिहिलंय बरं का." भिंगरी तेव्हा जमिनीपासून वीतभर वर चालत घरी आली.

काही दिवसांतच ती अख्खं पुस्तक घडाघडा वाचू लागली. पेंटर खूश. आई मात्र लांबून बघत होती. एके दिवशी तिने पाटी घेतली आणि त्यावर 'ठोका' लिहिलं.

"हे वाच बरं."

"झोका," भिंगरी पापणी न लववता म्हणाली.

"पहिलं अक्षर बघ नीट."

"झोकाच आहे!"

आईने खाली 'मोका' लिहिलं. भिंगरीने जरा विचार केला आणि म्हणाली, "बोका."

पोर खेळायला पळाल्यावर आई नवऱ्याला म्हणाली, "अहो, ही वाचत नाहीये. शेपूट बघते आणि अख्खा प्राणी सांगते."

"शेपटीवरून प्राणी ओळखता आला तरी खूप झालं की. येईल हळूहळू तोंडाकडे."

"मला भीती वाटते."

"तुला कशाचीही भीती वाटते," तो हसत म्हणाला, आणि विषय तिथेच राहिला.

लायब्ररीच्या पुढच्या वळणावर एक जुनी इमारत पाडून तिथे नवीन उभी राहणार होती. पायासाठी खड्डा खणला होता, आणि रस्त्याच्या बाजूने पत्रे उभे केले होते. ठेकेदाराने पेंटरला बोलावून पत्र्यावर 'धोका' लिहायला सांगितलं.

"कवटी पण काढून देतो," पेंटर म्हणाला.

"नको नको. समोरचे दुकानवाले आधीच डोकं खातायत, गिऱ्हाईक बिचकतं म्हणून. नुसतं लिही. मोठं लिही, लाल लिही, संपलं."

पेंटरने मोठं लिहिलं, लाल लिहिलं. पत्रा नवा होता, रंग छान बसला. लांब उभं राहून त्याने आपलं अक्षर पाहिलं आणि त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला सायकलवर मागे बसवून तो तिथून चालला होता. "बाबा, झोका!" ती ओरडली.

"हो का?" तो म्हणाला.

ती खिदळली. तोही हसला. त्याला वाटलं, पुस्तकातलंच चाललंय. मग रोजचाच खेळ झाला. ते वळण आलं की ती 'झोका' म्हणायची आणि तो 'हो का'. मान वळवून ती कुठे बघते आहे हे त्याने एकदाही पाहिलं नाही.

त्या शनिवारी पेंटरला लायब्ररीच्या बरोबर समोर, चपलांच्या दुकानाच्या शटरवर काम होतं. सोयीचंच झालं. त्याने भिंगरीला ताईच्या खोलीत सोडलं आणि शिडी लावली. वरून लायब्ररीचं दार दिसत होतं. शटरवर एक लांब सरळ रेघ ओढायची होती, आणि अशी रेघ ओढताना पेंटर श्वासही रोखून धरायचा. रेघ अर्ध्यावर आली असताना खालून हाक आली.

"बाबा! मी झोका बघून येते!"

"हो का?" तो वरून म्हणाला. मान वळवली नाही.

खाली खुदकन हसू आलं आणि लांब गेलं.

रेघ पूर्ण झाली. त्याने अक्षरं आखली, दोन भरली, मग ब्रश धुवायला उतरला. उन्हं कलली होती. लायब्ररीतून मुलं आपापल्या आयांचं बोट धरून बाहेर पडत होती. तो आत गेला. सतरंजीवर कुणी नव्हतं. ताई पुस्तकं कपाटात लावत होती.

"भिंगरी कुठे आहे?"

ताई वळली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. "ती तुमच्याकडे गेली ना? मघाशीच. मी दारापर्यंत आले होते. तुम्ही शिडीवर होतात, तुमच्याशी बोलताना पाहिलं, म्हणून मी..."

पेंटरच्या हातातला ब्रश अजून ठिबकत होता. त्याने तो कुठे ठेवला ते त्याला नंतर कधीच आठवलं नाही.

आधी त्यांनी कपाटांच्या मागे पाहिलं. संडासात पाहिलं, मोठ्या माणसांच्या वाचनाच्या खोलीत टेबलांखाली पाहिलं. भिंगरीला लपायची सवय होती. पेंटरने लाडाच्या आवाजात हाक मारली, मग दटावून मारली, मग त्याला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटायला लागला. बाहेर रस्त्यावर येऊन त्याने चपलांच्या दुकानदाराला विचारलं, शेजारच्या औषधवाल्याला विचारलं, बसथांब्यावरच्या माणसांना विचारलं. "एवढीशी आहे. निळा फ्रॉक. केस कापलेले." सांगताना तो हात कमरेशी धरून उंची दाखवत होता. शेवटी त्याने तिचं शाळेतलं नावही ओरडून पाहिलं. कुठूनच ओ आली नाही.

गाड्या चालल्या होत्या. एरवी ज्या रस्त्याने तो डोळे मिटून गेला असता, त्या रस्त्यावर आज प्रत्येक चाक मोठं दिसत होतं. रस्त्याकडेला बंद खिडक्यांची एक गाडी उभी होती. त्याने काचेला नाक लावून आत पाहिलं. आत कुणी नव्हतं, तरी तो तिथून लवकर हलला नाही.

त्याने बायकोला फोन केला. "ये," एवढंच म्हणाला. "लवकर ये." हॉस्पिटल दोनच रस्ते पलीकडे होतं. ती लॉन्ड्रीचा एप्रन तसाच घालून धावत आली. केसांना कापसाचे धागे चिकटलेले होते.

तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं समजली. त्याला वाटलं, आता ही मला खाऊन टाकेल. पण तिने फक्त त्याचा दंड घट्ट धरला.

"शेवटचं काय बोलली ती तुमच्याशी?"

"काही नाही गं. ते पुस्तकातलंच. झोका बघून येते म्हणाली."

"कुठला झोका? इथे आसपास कुठे झोका आहे?"

"कुठेच नाही. म्हणून तर मला वाटलं..."

ताई मागे उभी होती. ती घाबरत घाबरत म्हणाली, "आज ते पान आलं तेव्हा सगळ्या मुलांना सांगत होती. बाबांनी रस्त्यात पण एक झोका लिहिलाय, ह्याच्यापेक्षा मोठा, लाल. मला वाटलं, मुलं बोलतात काहीतरी."

पेंटरला अजून उमगलं नव्हतं. पण बायकोच्या बोटांची पकड एकदम सैल झाली.

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुम्ही 'धोका' कुठे लिहिलंय?"

तो धावला. आयुष्यात कधी धावला नव्हता तसा. वळणावर समोर पत्रा उभा होता आणि त्यावर त्याचं स्वतःचं अक्षर, रुंद, देखणं, लांबूनही नीट वाचता येणारं. पत्र्याच्या फाटकाला साखळी होती. खाली, जिथे जमीन खचली होती तिथे, एक फट होती. मोठ्या माणसाचे खांदे जाणार नाहीत एवढी. कडेच्या ओल्या मातीत काहीतरी घसटत आत गेल्याची खूण होती.

त्याने पत्रा दोन्ही हातांनी धरून ओढायला सुरुवात केली. पत्र्याच्या धारेने तळवे कापले, ते त्याला कळलंही नाही. आवाजाने आतून वॉचमन आला. जाड, वयस्कर माणूस. हातात अर्धा खाल्लेला डबा.

"काय लावलंय? आत कुणी नाही. आज काम बंद आहे."

"मामा, माझी पोरगी आत आहे! उघडा!"

"छे हो. मी इथेच तर बसलोय..." तो म्हणाला, पण म्हणता म्हणता त्याने डबा खाली ठेवला आणि किल्ली काढली.

आत गेल्यावर आधी फक्त खड्डा दिसला. बाहेरून वाटला होता त्याहून खूप खोल. तळाशी मातकट पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यातून लोखंडी सळ्या वर आलेल्या, दाट, सरळ, टोकं आभाळाकडे करून. पलीकडच्या बाजूला पाणी उपसायचा पंप होता. तिकडे जायला मजुरांनी खड्ड्याच्या अरुंद भागावर एक लांब फळी आडवी टाकली होती. फळीच्या मधोमध भिंगरी उभी होती.

फळी तिच्या वजनाने वाकत होती, वर येत होती, पुन्हा वाकत होती. आधी तिला त्याची गंमत वाटली असणार. आता तिचे दोन्ही हात हवेत होते आणि चेहरा पांढरा पडला होता. तिने बाबांना पाहिलं.

"बाबा!" ती किंचाळली आणि त्याच्याकडे वळायला गेली. फळी उसळली. पलीकडच्या टोकाखालून मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि खाली पाण्यात पडलं.

"हलू नकोस!" पेंटर ओरडला. त्या ओरडण्यानेच ती आणखी दचकली. तो फळीकडे झेपावणार तेवढ्यात वॉचमनने त्याला मागे खेचलं.

"तुझ्या वजनाने मोडेल ती! पलीकडून मी जाऊ का... नाही, ती बाजू ढासळतेय. इकडेच आणायला हवी." असं म्हणून तो माणूस फळीच्या अलीकडच्या टोकावर बूड टेकून बसला, जेवढा जड होता तेवढा सगळा. "आता बोलव तिला. पण हळू."

पेंटरने तोंड उघडलं. तेवढ्यात मागून बायको आली. तिने खड्डा पाहिला, सळ्या पाहिल्या, आणि झोपवताना बोलायची तशा आवाजात म्हणाली, "बाळा, खाली बस. घोड्यावर बसतो ना, तशी. एक पाय इकडे, एक तिकडे. हं. अशी. फळीला घट्ट धर."

भिंगरी बसली. फळी हलायची थांबली नाही.

"आता सरकत ये बाबांकडे."

"नाही येत."

"येतं बाळा."

"नाही येत! खाली टोचणारं आहे!"

"खाली बघू नकोस. बाबांकडे बघ." आईने पेंटरच्या पाठीला हात लावला. तो हात बर्फासारखा गार होता. "बोला तिच्याशी," ती त्याच्या कानात म्हणाली. "काहीही बोला."

पेंटर फळीशी गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हात पुढे केले. काहीही बोला, पण त्याला काहीच आठवत नव्हतं. जे आठवलं ते एकच होतं, आणि ते उच्चारताना त्याला शिसारी येत होती.

"खोक्यावर बसला..." तो म्हणाला, आणि अडला. पुढचा शब्द येईना. किती संध्याकाळी म्हटलेला, पाठ असलेला शब्द.

भिंगरी हुंदके देत त्याच्याकडे बघत होती. "बोका," ती म्हणाली.

"बोका. शाब्बास. ये, थोडी सरक." ती वीतभर सरकली. "म्हणाला..."

"म्हणाला, मला..." तिला पुढचं म्हणवेना. ती फळीकडे बघू लागली.

"माझ्याकडे बघ. ते राहू दे. दुसरं म्हण. काय पाहिजे ते म्हण."

मग ती काय म्हणाली ते कुणाला धड कळलं नाही. रडण्यात मिसळलेले, या ओळीतले, त्या ओळीतले, शाळेतल्या कवितेतले शब्द होते. पण ती म्हणत होती आणि सरकत होती. वॉचमन डोळे मिटून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. पेंटरच्या बोटांपासून तिचे हात आता हातभर लांब होते. मग पलीकडे काहीतरी मऊ, जड असं खचल्याचा आवाज झाला.

फळीचं पलीकडचं टोक बसलं. भिंगरी मागे घसरू लागली. पेंटर अर्धा खड्ड्यावर झोकला गेला, आणि त्याच्या हाताला फ्रॉकची बाही लागली, मग दंड लागला. मागून बायकोने त्याच्या पट्ट्याला धरलं होतं. फळी वॉचमनच्या खालून उसळून सुटली आणि गेली. सळ्यांवर तिचा आवाज झाला, आणि मग पाण्यात.

भिंगरी वर होती. त्याच्या छातीशी होती. तिच्या दंडावर त्याच्या तळव्यांचं रक्त लागलं होतं, आणि आई ते पुसून पुसून बघत होती, कुठे लागलंय, कुठे लागलंय. "ते माझं आहे," तो म्हणाला, तरी ती पुसतच राहिली. मग ती फतकल मारून मातीत बसली, पोरीला मांडीत घेतलं, आणि हातापायांची बोटं एकेक करून चाचपू लागली, नुकत्याच जन्मलेल्या मुलाची चाचपतात तशी. पेंटर पत्र्यापाशी गेला आणि ओकला.

"बाबा, तिथे झोका नव्हता," भिंगरी घरी जाताना म्हणाली. तक्रार नव्हती, नुसती सांगत होती.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला न विचारता त्याने हातांना पट्ट्या गुंडाळलेल्या असतानाच त्या पत्र्यावर कवटी काढली. चांगली भयंकर काढली. ठेकेदार येऊन बघून गेला. खालची फट वॉचमनने विटा रचून आधीच बुजवली होती. लायब्ररीतली ताई त्या शनिवारपासून खुर्ची दारात ओढून, दाराला पाठ लावून पुस्तकं वाचू लागली.

पण भिंगरीचं वाचन थांबलं. आधी ती न बघता अंदाज करायची, आता बघूनही बोलेना. शब्द समोर आला की ती आधी आईच्या तोंडाकडे बघायची, मग बाबांच्या. "हे नक्की काय आहे?" ती विचारायची. "आत काही आहे का?" साधा 'कप' लिहिलेला असला तरी. रस्त्याने जाताना पाट्या आल्या की मान खाली घालायची. पायांची भिंगरीही थांबली होती. घरात इतकी शांतता झाली की पेंटरला स्वतःचाच श्वास ऐकू यायचा. बोक्याचं पुस्तक त्याने लायब्ररीत परत दिलं होतं, आणि दुसरं आणायचं त्याला धैर्य होत नव्हतं. आपण हातात पुस्तक घेतलं की काहीतरी वाईट होणार, असं त्याला वाटत राही.

पुस्तक शेवटी आईनेच आणलं. तेही यमकाचंच.

"तेच कशाला परत?" पेंटर कातावला.

"तिला आवडायचं म्हणून. आणि मला आता दुसऱ्या कशाची भीती वाटते. ती अशीच गप्प राहिली तर?"

तिने पोरीला मांडीवर घेतलं आणि प्रत्येक ओळीतला शेवटचा शब्द अंगठ्याने झाकला. मग अंगठा थोडासाच सरकवला, पहिलं अक्षर दिसेल एवढाच. "ह्याचं तोंड बघ फक्त. शेपूट मी दाखवणारच नाहीये." भिंगरी कितीतरी वेळ बघत राहिली. पेंटर दारात उभा होता. त्याला ओरडून उत्तर सांगावंसं वाटत होतं.

"माऽ," ती म्हणाली.

"हं."

"माऽसा." आणि लगेच आईकडे पाहिलं. "चुकलं?"

आईने अंगठा काढला. मासाच होता.

एवढ्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. काही संध्याकाळी ती एक शब्दही वाचायची नाही. काही संध्याकाळी चुकायची आणि चुकल्यावर रडायची, आणि पेंटर उठून बाहेर जायचा. पण पहिल्या अक्षरापासून सुरू करून बोट न उचलता शेवटपर्यंत जायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं. हळूहळू तिने मान वर केली. पाट्या वाचू लागली, मग पाकिटांवरचं, बसच्या पाठीवरचं, रद्दीच्या कागदावरचं. शाळेच्या बाईंनी पुन्हा फाटकाशी थांबवलं, या वेळी हसून. आईने मान डोलावली.

एका दुपारी पेंटर तिला घेऊन हॉस्पिटलच्या मागच्या गेटाशी आईची वाट बघत उभा होता. आवारात बाणांच्या पाट्या होत्या. भिंगरी एकेक वाचत होती. "लॉन्ड्री. क्ष-किरण. स्वयं... स्वयंपाकघर. श... शवा... शवागार." तिने वर पाहिलं. "बाबा, शवागार म्हणजे काय?"

आता तिला काहीही वाचता येणार होतं. पत्र्यावरचं, पेपरातलं, औषधाच्या बाटलीवरचं, उद्या हॉस्पिटलात कुणाच्या मनगटावर बांधलेल्या चिठ्ठीवरचं. प्रत्येक ठिकाणी तिच्या आणि शब्दाच्या मध्ये आपल्याला उभं राहता येणार नव्हतं. 'काही नाही गं' असं त्याच्या अगदी जिभेवर आलं.

तेवढ्यात आई गेटातून बाहेर आली होती. तिने प्रश्न ऐकला होता.

"मेलेल्या माणसांना ठेवतात ती खोली," ती म्हणाली.

भिंगरीने पाटीकडे पाहिलं, मग त्या बाणाच्या दिशेने लांबच्या बंद दाराकडे. ती बाबांच्या जवळ सरकली.

"थंड असते?"

"हो."

पेंटरने तिचा हात इतका घट्ट धरला होता की तिने तो जरासा सोडवून घेतला.

"पुढची पाटी वाचू?" तिने विचारलं.

"वाच," तो म्हणाला.